बेडकाची साक्ष

औरंगाबाद, ९ एप्रिल १९६३

कडूबा नाथाजी, कच्चा कैदी, हर्सूल तुरुंग, यांस,

पत्र कुणाचं म्हणून आधी खालची सही शोधाल, म्हणून वरच सांगते. मी डॉक्टर फहमिदा. सरकारी दवाखान्याच्या तपासणी खोलीच्या खिडकीतून पाच फेब्रुवारीला तुमच्या हातात चिठ्ठी दिली ती बाई. तुमच्या बहिणीची, कौतिकाची, लघवी मी बेडकावर तपासली होती. तुम्ही विचारलंत, "काय निघालं?" मी म्हणाले, "मूल आहे." दुसऱ्या दिवशी सकाळी तुम्ही मुकुंदवाडीच्या पिठाच्या गिरणीत गेलात आणि रामकिसनला कुऱ्हाडीनं मारलंत.

त्याचं प्रेत माझ्याच टेबलावर आलं. शवविच्छेदन मी केलं. मानेवरचा पहिलाच घाव पुरेसा होता. बाकीचे सहा कशासाठी घातलेत ते तुम्हालाच ठाऊक. त्याच्या नाकातोंडात पीठ होतं, म्हणजे पहिल्या घावानंतर तो जमिनीवर पडून श्वास घेत होता. हे कोर्टाच्या कागदात लिहिलं आहे. तुम्हाला मी मुद्दाम पुन्हा सांगते आहे.

पण पत्र त्यासाठी नाही. आठ दिवसांपूर्वी तुमच्या आई, दगडाबाई, कौतिकाला बैलगाडीत घालून दवाखान्यात घेऊन आल्या. तिचं पोट सातव्या महिन्यासारखं दिसतं. आमच्या मोठ्या डॉक्टरबाईंनी नळी लावून ऐकलं, बाळाचे ठोके लागत नाहीत. क्ष-किरणाचा फोटो काढला. पाच महिन्यांच्या बाळाचीसुद्धा हाडं फोटोत दिसतात. इथं एक हाड नाही, नुसता पांढरट गोळा. माझी खात्री होत चालली आहे की हे मूल नाही. बीजकोशाची गाठ आहे. अशा काही गाठी फार दुर्मीळ असतात आणि बेडकाची तपासणी फसवतात, एवढं पुस्तकात वाचलं होतं. पाहिली कधी नव्हती.

ऑपरेशन लवकर झालं पाहिजे. गाठ पोटात फुटली तर पोरगी एका दिवसात जाईल. ती सतरा वर्षांची, म्हणून घरच्या कर्त्याची सही लागते. तुमच्या आई म्हणतात, "कडूबा म्हणल तसं." मी तासभर घसा कोरडा केला, त्या तेच म्हणत राहिल्या. संमतीचा कागद सोबत आहे. तुम्हाला सही येते.

आणखी एक सांगा. ती महिन्याची बाजूला बसायची बंद झाली ती कधीपासून?

डॉ. फहमिदा कमरोद्दीन


हर्सूल, १७ एप्रिल १९६३

डाक्टरीनबाईला कडूबाचा रामराम.

तुमचा कागद मिळाला. जेलरसाहेबानं वाचून मगच दिला. म्हणले, बाई चांगल्या दिसतात. मी म्हणलं, खिडकीतून मलाबी तशाच दिसल्या होत्या.

गाठ म्हणे! लेकराला गाठ म्हणायची नवी रीत निघाली व्हय? बाई, मला इसरायला लावू नका. तुम्ही मूल आहे म्हणलात तवा मी म्हणलं होतं, खोटं आहे. तवा तुम्हीच म्हणलात, या आत, बघा. बेडकाचं पाणी काचेवर घेतलं आन् मला त्या दुर्बिणीला डोळा लावायला लावला. वळवळत होते. शेपट्या हलवीत, ढीगभर. मी बैलं-गाई राखलेला माणूस, ते काय असतं ते मला कळत नाय व्हय? रामकिसनचं ते. माझ्या बहिणीच्या अंगातून तुमच्या बेडकात उतरलं. मी माझ्या डोळ्यानं बघितलं. आता तो डोळा खोटा?

रामकिसनच कसा, तर दोन येळा मी स्वता पाहिलं. कौतिका त्याच्या सायकलीवर मागं बसलेली, तोंडाला पदर लावून, शहराच्या वाटंला. पोरगी गिरणीत दळण घेऊन जायची ती दोन दोन घंटे येत नव्हती.

त्या राती मी तिला नाड्यानं मारलं. कासऱ्याचा नाडा, भिजवलेला. कुणाचं, कुणाचं, म्हणून इचारलं. तोंड उघडलं नाय. पाठ फुटली तरी नाय. सकाळी गिरणीत गेलो. पट्टा चालू होता, लई आवाज. तो जोंधळ्याची पाटी वतत होता, त्यानं मान वर केली, हसला. हसला बाई! मी त्या हसण्यावर घातला. मग किती घातले ते मला ठावं नाय. पीठ रगतात भिजून कणकीवानी झालं होतं आन् माझे पाय घसरत होते. तो खाली पडून काय तरी बोलत होता. मला पट्ट्याच्या आवाजात ऐकू आलं नाय.

आमचे वकील म्हणतात, लेकरू जल्माला येऊ दे, कोर्टात दाखवू. लेकराचं तोंड दिसलं की अब्रूचा सवाल ठरतो, फाशी टळती. आन् तुम्ही म्हणता पोट फाडा आन् लेकरू फेका. म्हणजे माझी साक्ष फेका. सही नाय.

तुमच्या सवालाचं उत्तर. दर महिन्याला चार दिवस ती पडवीत बाजूला बसायची, घोंगडं घेऊन, दोन वर्सं झाली, मी रोज बघतोच की. दिवाळीपासून बसली नाय. आईला इचारलं, तिनं तीन महिने सांगितले. झालं तुमचं समाधान?

माझ्या बापाला रझाकारांनी खळ्यावर जाळलं तवा मी बारा वर्सांचा होतो. आता तुमच्या कागदानं माझं बाकीचं घर जाळलं. तुम्ही लोकांनी आमचं काय ठेवलं? सांडू, माझा चुलतभाऊ, भेटीला आला होता. त्याला जे सांगायचं ते सांगून ठेवलंय. कोर्टाचं काम झालं की त्याचं काम.

कडूबा नाथाजी


औरंगाबाद, २२ एप्रिल १९६३

कडूबा,

"यांस" वगैरे लिहिण्याची आज माझी मनःस्थिती नाही.

आधी बेडूक. नीट वाचा, दोनदा वाचा. आमचा हैदर खाम नदीच्या काठावरून नर बेडूक धरून आणतो. बाईची लघवी गाळून आम्ही सुईनं बेडकाच्या कातडीखाली सोडतो. बाईच्या पोटात मूल आणि त्याला पोसणारी वार असेल, तर वारेतून एक रस लघवीत उतरतो. त्या रसानं बेडूक आपलं स्वतःचं बीज सोडतो. स्वतःचं. तुम्ही दुर्बिणीत जे वळवळताना पाहिलंत ते बेडकाचं होतं, कडूबा. रामकिसनचं नाही, कुणाही माणसाचं नाही. माणसाचं बीज लघवीत असं महिनोन् महिने राहत नसतं, हे गुरं राखलेल्या माणसाला मी सांगायला हवं का?

आणि हो, सांगायला हवं होतं. त्याच दिवशी, तिथंच. ती तपासणी आमच्याकडे नवी होती, मला तिचा अभिमान होता. तुम्ही "खोटं आहे" म्हणालात आणि मला राग आला. एका शेतकऱ्यानं माझ्या कामाला खोटं म्हणावं! म्हणून तुम्हाला आत बोलावून दाखवलं. काय दाखवते आहे ते सांगितलं नाही. आमच्याकडे नियम आहे, चिठ्ठीवर फक्त निकाल लिहायचा, त्याचा अर्थ बाईला तपासणारा डॉक्टर सांगतो. मी तो नियम मोडला. खिडकीत उभ्या असलेल्या माणसाला मी "मूल आहे" म्हणाले, पोरीला बघितलंसुद्धा नव्हतं. माझ्या या दोन शब्दांनी रामकिसन मेला. कुऱ्हाड तुमची, शब्द माझे. मला झोप लागत नाही आणि लागू नये.

सायकलीचं सांगते. हे मला दवाखान्याच्या वहीत सापडलं. डिसेंबरात दोन वेळा कौतिका बाहेरच्या रुग्णांत दाखवायला आली आहे. पोटात कळा, उलट्या. सोबत आणणाऱ्याचं नाव, रामकिसन, गिरणीवाला. गिरणीत दळणाच्या रांगेत ती कळेनं खाली बसायची म्हणून त्यानं आणलं होतं. दोन्ही वेळा आमच्या डॉक्टरांनी जंताचं औषध देऊन परत पाठवलं. तो दोन दोन घंटे तिच्यासाठी रांगेत उभा होता.

तुमच्या वडिलांचं ऐकून मी गप्प बसणार नाही, कारण त्याच साली पोलीस अ‍ॅक्शननंतर माझे मामू मारले गेले. ते शिंपी होते. रझाकारांचे गणवेश यानंच शिवले, असं कुणीतरी म्हणालं. त्यांनी लग्नाच्या शेरवान्यांशिवाय काही शिवलं नव्हतं. मी चौदा वर्षांची होते, कडबीच्या गंजीत लपून बघत होते. मारणाऱ्यांच्या चेहऱ्यावर रागसुद्धा नव्हता. खात्री होती. तुमच्या पत्रात मला तीच खात्री दिसली, आणि खिडकीत उभी असताना माझ्याही तोंडावर तीच असणार.

सांडूला काय सांगून ठेवलंत? लगेच लिहा.

कागद पुन्हा पाठवते आहे. पोरीचं अन्न तीन दिवसांपासून पोटात टिकत नाही.

फहमिदा


हर्सूल, २ मे १९६३

डाक्टरीनबाई,

तुमचं पत्र आठ दिवस उशाखाली होतं. वाचलं, पुन्हा वाचलं. इथं बराकीत एक मास्तर आहे, जमिनीच्या खटल्यातला, त्याच्याकडूनबी वाचून घेतलं. तो म्हणला, बेडकाचं खरं आसंल. मी त्याच्या तोंडावर ताट मारलं. त्याचा व्हट फाटला. मला दोन दिवस अंधारकोठडी.

अंधारात एक गोष्ट ऐकू यायला लागली बाई. तवा पट्ट्याच्या आवाजात ऐकू आली नव्हती ती. रामकिसन खाली पडून काय म्हणत होता ते. तो म्हणत होता, "दवाखान्यात न्या तिला, दवाखान्यात." मला वाटलं तो सोताला न्या म्हणतोय. तिला म्हणत होता का सोताला, ते मला आता कळत नाय. का मीच तुमच्या पत्रावरून हे रचतोय, तेबी कळत नाय.

तुम्ही म्हणता ते खरं निघालं तर मी कोण झालो, याचा इचार करा. आब्रूसाठी मारलं म्हणून गावात माझी मान वर आहे. इथंबी कैदी मला दादा म्हणतात. तुमची गाठ निघाली तर मी येक खाटीक. म्हणून सही होत नाय. पेन धरलं होतं, खोटं सांगत नाय. धरलं आन् ठेवलं.

सांडूला मी म्हणलो होतो, लेकरू कोर्टात दाखवून झालं की मायलेकराला हिरीत घाल. आता म्हणायला गेलो तर तो दोन हप्ते भेटीला आला नाय. तुम्हीच त्याला कळवा, थांब म्हणावं. आताच काय करू नको म्हणावं.

कडूबा


औरंगाबाद, ७ मे १९६३

कडूबा,

अक्षर वाकडंतिकडं आहे, कारण डाव्या हातानं लिहिते आहे.

तुमचं पत्र चार तारखेला दुपारी पोचलं. सांडू त्याच दिवशी सकाळी येऊन गेला होता. गावात कुणीतरी उठवलं की दवाखान्यात पोट फाडून लेकरू गुपचूप काढणार आणि मुलगी पळवणार. त्यानं तुमच्या कोर्टाची वाट बघितली नाही. भाकरीच्या फडक्यात विळा गुंडाळून भेटीच्या वेळेत सरळ वॉर्डात शिरला.

मी तिथं होते, रक्ताचा नमुना घ्यायला गेले होते. कौतिका उशीला टेकून बसली होती. त्यानं तिचे केस धरून मान मागं ओढली. तुमच्या आई लेकीच्या अंगावर पालथ्या पडल्या. विळा त्यांच्या खांद्यात हाडापर्यंत गेला. त्यानं तो उपसून पुन्हा उचलला तेव्हा मी पातं धरलं. विचार करून नाही, हात गेला. त्यानं विळा ओढला. माझ्या उजव्या हाताच्या दोन बोटांच्या शिरा तुटल्या. शेजारच्या खाटेवरची बाळंतीण किंचाळत होती, तिच्या बाळावर रक्त उडालं होतं. हैदरनं ऑक्सिजनच्या नळकांड्याची लोखंडी चावी सांडूच्या कानशिलात घातली. तो पडल्यावरही हैदर मारत राहिला. मी थांबवायला हवं होतं. मी मोठ्यानं म्हणाले, "और मारो." हे मी तुम्हाला कबूल करते. आता मला समजलं, मामूंना मारणारी माणसं कुठून येतात. कुठूनही येतात.

सांडूला पोलिसांनी नेलं. जबडा मोडला आहे. दगडाबाई जगतील, पण हात वर जाणार नाही. कौतिकाच्या मानेवर ओरखडा आहे, बाकी ती धड आहे. रडली नाही. मला म्हणाली, "बाई, तुमचा हात."

तुम्हाला "दादा" म्हणणाऱ्यांना हे सगळं वाचून दाखवा. मला तुमच्या मानेचं काही सांगू नका. कोण झालो म्हणून विचारता? सही केली नाहीत तर दोन माणसं मारलेला झालात. केलीत तर एक. हिशेब एवढाच आहे.

कागद तिसऱ्यांदा पाठवते आहे. पोलीस शिपाई रामराव हे पत्र हातोहात देईल आणि उत्तरासाठी थांबेल.

फहमिदा


हर्सूल, ७ मे, दुपार

सही केली आहे. खाली अंगठाबी लावला आहे, कुणी सही खोटी म्हणू नये म्हणून.

जे निघल ते मला खरं खरं लिहा. गोड करून नको.

कडूबा नाथाजी


औरंगाबाद, २४ मे १९६३

कडूबा,

खरं लिहायला सांगितलंत, म्हणून लिहिते. बसून वाचा.

नऊ तारखेला ऑपरेशन झालं. मूल नव्हतं. उजव्या बाजूला गाठ होती, मोठ्या पपईएवढी, वरून गुळगुळीत, कुठं फुटलेली नाही, पोटात इतरत्र पसरलेली नाही. ती काढली. मी ती उभी चिरली, तुकडे औषधात ठेवले, मेणात बसवले, पातळ काप काढून काचेवर घेतले. उजवा हात चालत नाही म्हणून हैदर काच सरकवत होता आणि मी डाव्या हातानं दुर्बीण फिरवत होते. चार दिवस बघत होते. गोल, मोठ्या, पाणीदार पेशी, घोळक्यांनी बसलेल्या, मधून बारीक पडदे. अशा गाठीला डिसजर्मिनोमा म्हणतात. मुलींना होते, फार थोड्या मुलींना. माझ्या पाच वर्षांत ही पहिली. पण तेवढ्यानं बेडकाचा उलगडा होत नव्हता. शेवटच्या दिवशी एका कापात मला ते सापडलं. अधूनमधून मोठ्या, अनेक केंद्रांच्या पेशी होत्या, अगदी वारेत असतात तशा. मूल नाही, वार नाही, पण वारेचा तो रस ही गाठच गाळत होती. बेडूक खोटं बोलला नाही. त्याला जेवढं कळतं तेवढं त्यानं सांगितलं. पुढचं मी सांगितलं.

आता दुसरी गोष्ट. पोटात गाठीशिवाय जे दिसलं ते मोठ्या बाईंनी मला बोलावून दाखवलं. गर्भाशय आठ-दहा वर्षांच्या मुलीचं असतं तेवढंच. डाव्या बाजूला बीजकोश नाहीच, दोरीसारखी पांढरी पट्टी. ती जन्मापासून तशीच आहे. अशा मुलीला पाळी येत नाही. कधी आलीच नसणार. मग तुम्ही लिहिलेले ते दर महिन्याचे चार दिवस कुठले?

मी वॉर्डात गेले आणि कौतिकाला विचारलं. तिनं आईकडं बोट केलं. मग दगडाबाई बोलल्या. त्यांचेच शब्द लिहिते.

"पंधरा सरले, सोळावं लागलं, पोर शानी होईना. आयाबाया इचारायला लागल्या. चिकलठाण्याची सोयरीक आली होती, चांगली होती. शानी झाली नाय म्हणून कळलं आसतं तर वांझ म्हणून मोडली आसती. म्हणून मी तिला दर महिन्याला चार दिवस बसवायची, पडवीत, सगळ्यांना दिसल अशी. कोरडीच बसायची बापडी. दिवाळीच्या तळणात कढई कलंडली, माझा पाय भाजला. भाकऱ्या कोण करील? म्हणून तीन महिने बसवली नाय. कडूबानं इचारलं किती महिने झाले, म्हणून मी तीन म्हणलं. काय म्हणू दुसरं? चैतात लगीन होतं. मला वाटलं मारील, चार दोन मारील आन् गप बसल. कुऱ्हाड घेऊन जाईल हे मला काय ठावं?"

मी त्या बाईवर ओरडले. त्यांचा खांदा बांधलेला होता तरी ओरडले.

कौतिका बरी आहे. मुंबईला नेऊन पोटाला क्ष-किरणांचे शेक द्यावे लागतील, मग ती जगेल असं मला वाटतं. मूल होणार नाही.

रामकिसनच्या आई, मनकर्णाबाई, यांना मी स्वतः जाऊन सांगितलं. त्या म्हणाल्या, "मला ठावं होतं. तुम्हाला कळायला लई उशीर लागला."

फहमिदा


हर्सूल, ३ जून १९६३

डाक्टरीनबाई,

पत्र वाचून मी डोकं भिंतीवर आपटून घेतलं. चार टाके पडले. इथल्यांनी हातपाय बांधून ठेवलं होतं म्हणून उत्तराला उशीर झाला.

आईला सांगा, माझ्या भेटीला येऊ नको. जाळीतून हात घालून गळा धरीन. कोरडी बसवायची! मी रोज बघत होतो बाई, सकाळी बैलं सोडताना, ती घोंगड्यावर बसलेली, मी तिकडून तोंड फिरवून जायचो, बघू नये म्हणून. सगळं घर मला फसवीत होतं आन् मी इमानदारीनं तोंड फिरवीत होतो.

राती रामकिसन येतो. घाव दाखवीत नाय, नुसता दळण वततो.

आता कामाचं. वकील येऊन गेले. त्यांचं म्हणणं, गाठ निघाली तरी हरकत नाय. बेडकानं फसवलं, सरकारी चिठ्ठीनं फसवलं, माणूस भडकला, असं सांगू. पण तेवढ्यानं फाशी टळंलच असं नाय. कौतिकानं कोर्टात एवढं म्हणावं की रामकिसन तिची छेड काढायचा. सायकलीवर जबरदस्तीनं नेलं म्हणावं. मेलेल्या माणसाला आता काय फरक पडतो? तेवढ्या एका वाक्यानं माझा गळा सुटतो. मला मरायचं भ्याव वाटतं बाई. पाहिल्यावर कळलं, माणूस किती येळ मरत असतो ते.

ती माझी धाकटी बहीण आहे. बाप मेल्यावर मी तिला खांद्यावर घेऊन फिरलोय. मी चुकलो, तिच्या पायावर नाक घासतो म्हणावं. पण हे एक तिनं करावं. तुम्ही तिला समजून सांगा. तुमचं ती ऐकती.

कडूबा


औरंगाबाद, ११ जून १९६३

कडूबादादास,

फहमिदाबाईंनी तुझं पत्र मला वाचून दाखवलं. त्या म्हणाल्या, "मी काही समजावणार नाही, तुझं तू लिही." वहिदा नर्सनं शाई-कागद दिला. चौथीपर्यंतचं लिहिणं आहे, चुकलं तर समजून घे.

तुझी पत्रं आन् बाईंनी त्यांच्या पत्रांच्या ठेवलेल्या नकला, सगळं मी मागून घेऊन वाचलं. दोन दिवस लागले. माझ्याबद्दल केवढं लिहिलंय तुम्ही. माझं पोट, माझी लघवी, माझे चार दिवस. बाईंनी तुला जेलात पत्र घालून विचारलं, ती कधीपासून बसत नाही म्हणून. मी त्यांच्या खोलीपासून चाळीस पावलांवर खाटेवर पडलेली होते. हे मी त्यांना तोंडावर बोलले. त्या लई रडल्या. मग म्हणाल्या, हे पण लिही.

त्या राती तू नाड्यानं मारताना "कुणाचं, कुणाचं" म्हणत होतास. मला कळतच नव्हतं तू काय विचारतोस. मला मूल होणार नाही हे मला ठावं होतं, कारण मी कोरडी बसत होते. आईनं तुझ्या गळ्याची शपथ घातली होती, कुणाला सांगितलंस तर कडूबा मरंल म्हणून. मी मार खाल्ला तो तू जगावा म्हणून. तुला काय होतंय, कुठं दुखतंय, असं एकदा विचारलं असतंस तर मी शपथ मोडली असती.

ते एका माणसानं विचारलं होतं. गिरणीच्या दारात मी पोट धरून बसले तवा रामकिसनभाऊनं पट्टा बंद केला, लोक ओरडले तरी केला, आन् म्हणाला, "बाई, काय व्हतंय तुला?" तू लिहितोस मेलेल्या माणसाला काय फरक पडतो. त्याला नाही पडणार.

परवा मी मनकर्णाबाईंच्या घरी गेले. बाई नको म्हणत होत्या, पोट अजून कच्चं आहे म्हणून. मनकर्णाबाईंनी मला बघून हातातलं मुसळ फेकलं. पायावर लागलं. मी तिथंच उभी राहिले. मग त्यांनी पाणी दिलं. गिरणी बंद आहे. त्यांना पट्टा चढवता येत नाही. मला येतो, रामकिसनभाऊला बघून शिकले होते.

तू खांद्यावर घेऊन फिरलास ते माझ्या ध्यानात आहे. म्हणून तुला फाशी व्हावी असं मी कुणाला म्हणणार नाही. पण तू सांगतोस ते वाक्य मी बोलणार नाही. तुझा गळा सुटला तरी नाही.

सरकारी वकिलाचा कागद आलाय. वीस तारखेला माझी साक्ष आहे. ते म्हणाले, विचारतील तेवढं सांगायचं, घाबरायचं नाही. मी घाबरत नाही. मला पहिल्यांदाच कुणीतरी विचारणार आहे, तर मी सगळं सांगणार आहे. तुझी कुऱ्हाड, आईची पडवी, बाईंची चिठ्ठी, सगळं.

कोर्टात मी मनकर्णाबाईंच्या शेजारी बसलेली असेन. तू तोंड फिरवू नकोस.

कौतिका